काठ सांभाळणारी मोठीआई

मोठीआई गेल्याचा फोन चुलतभावानं केला, तेव्हा मी वर्ध्याच्या बसस्थानकावर उभी होते. "रातच्याले नीट जेवली, सकाळी उठलीच नाई," तो म्हणाला. पुलगावची एसटी समोरच लागली होती... तरी मी बराच वेळ तशीच उभी राहिले.

मोठीआई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. पुलगावजवळ त्यांची भाजीची वाडी आणि वाडीत पायऱ्यांची विहीर. उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडं तिथेच असायचो. पाठीवर पत्र्याचा रिकामा डबा बांधून तिनंच आम्हाला पोहायला शिकवलं, शिव्या घालत घालत. तिचा एक नेम होता. लेकरं पाण्यात असली, की काठ कुणातरी एकाच्या नावावर. त्यानं फक्त पाण्यावर डोळा ठेवायचा; गप्पा मारायच्या नाहीत, पुढे मोबाइल आले तेव्हा फोनही बघायचा नाही, हातात साधी शेंगसुद्धा सोलायला घ्यायची नाही. उठायचं असेल तर दुसऱ्याला हाक मारून, त्याला काठावर बसवूनच उठायचं. "दहा जन पाहून राह्यले म्हंजे कोणीच नाई पाहून राह्यलं," असं ती म्हणायची. आम्ही तिला फौजदारीण म्हणायचो. तोंडावर म्हणायची छाती कुणाची?

माझी मुलगी पहिलीत असतानाची गोष्ट. सगळं गोत विहिरीवर जमलं होतं. आम्ही टरबूज कापण्यात आणि एकमेकांची उणीदुणी काढण्यात दंग. काठ मोठीआईकडे होता, म्हणून वाचलो. पोरीच्या डब्याची दोरी सुटली आणि ती खाली गेली... आवाज नाही, काही नाही. धप्पकन मोठीआई लुगड्यासकट पाण्यात पडली, तेव्हा कुठे आमच्या माना वळल्या. पोर वर आली, खोकली, मग भोकाड पसरून रडली. इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

"पोरगी ओरडली काऊन नाई?" मी विचारलं.

"बुडतं लेकरू बोंबलत नाई माय, गुमान खाली जाते. म्हनून तं डोये ठेवा लागते."

आज ती मुलगी सेवाग्रामला शिकते आणि माझ्याशी तावातावानं भांडते. ती भांडत असली की मला मोठीआईचं ओलं लुगडं आठवतं आणि माझा राग विरून जातो. तिनं माझं लेकरू मला परत दिलं, याहून जास्त काय सांगू?

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी उकाड्यानं कावलेल्या लेकरांनी विहिरीचा हट्ट धरला. मी त्यांना घेऊन गेले आणि काठावर बसले. भेटायला आलेल्या बायका तिथेच आल्या. "लय जीव होता तिचा तुह्यावर," एक जण म्हणाली. मी मान वळवली नाही, उत्तरही दिलं नाही. बाईला फार लागलंय, बोलू नका, असं कुजबुजत त्या निघून गेल्या. लागलं होतंच. पण लेकरं पाण्यात होती. ती सगळी वर आली, अंगं पुसून घराकडे पळाली, तेव्हा कुठे मी पदर तोंडाला लावला.