बरोबरचं चिन्ह

देवाला मी हात जोडतो ते आई शेजारी उभी असते म्हणून. बाकी करणी, उतारा, अमावास्या... आमच्या नात्यात या सगळ्याची टर उडवणारा पहिला मीच. माहूरच्या घाटात मामांची जीप तीनदा बंद पडली, तेव्हा सगळे नारळ शोधत होते आणि मी खाली वाकून डिझेलचा पाइप बघत होतो. (पाइपच निघाला होता.) तेव्हा पुढचं वाचून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

किल्लारीच्या भूकंपाला दहाएक वर्षं झाली होती. लातुरात क्लासेसचं पीक जोरात होतं, एक घर सोडून एक पाटी. त्यातल्याच एका क्लासमध्ये मी आणि मुजीब, दोघेही नांदेडचे, कॉम्प्युटर सांभाळायचो. मुजीबच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, हा मात्र हाडाचा प्रोग्रामर. त्याने 'यादी' नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता — काळ्या पडद्यावर चालणारा, माऊस-बिऊस काही नाही. टेस्टच्या मार्कांची फाइल द्यायची, तो गुणवत्ता यादी काढून देणार. पहिल्या ओळीत मुजीबचं नाव. मूळ कोड त्याने इंटरनेटवर खुला ठेवला होता. कोणीही घ्या, बदला, वापरा.

माझं काम काय, तर तो कोड प्रत्येक मशीनवर बिल्ड करायचा. म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या कोडमधून त्या त्या मशीनला चालेल असा प्रोग्राम तयार करायचा. लिनक्सवर दोन कमांड दिल्या की चहा येईपर्यंत काम तमाम. ऑफिसातल्या विंडोजवर मात्र रड. बिल्ड व्हायचा, पण यादीच्या शेवटच्या नावापाशी आला की बंद पडायचा. (विंडोजवर ओळ संपल्याची खूण वेगळी असते, घोळ तिथे होता. हे मला खूप नंतर कळलं.) मुजीब त्या दिवशी सुट्टीवर होता आणि यादी संध्याकाळी लावायची होती. मी कोड उघडला. एका ओळीत लिहिलं होतं — क्रमांक एकूण नावांपेक्षा लहान किंवा बरोबर आहे तोवर छापत राहा. मी त्यातलं 'बरोबर'चं चिन्ह काढून टाकलं. प्रोग्राम गुमान चालला. मी स्वतःवर खूश.

टेस्टमधून स्पेशल बॅचसाठी चाळीस जण निवडले होते, फाइलमध्ये तेवढीच नावं होती. यादी लागली एकोणचाळिसांची. कोणी मोजलीच नाही. कॉम्प्युटरने दिलेली यादी मोजतं कोण?

फलकासमोर गर्दी होती. किल्लारीकडची एक मुलगी वडिलांसोबत आली होती. तिला आपण वर्षा म्हणू. भूकंपात तिची आई गेली होती. तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मी पायरीवर उभा राहून चहा पीत होतो. वडील तिला म्हणाले, "भूकंपाच्या यादीत बी आपलं नाव मागूनच आलतं. चल." आवाजात राग अजिबात नव्हता. म्हणूनच तो आवाज लक्षात राहिला असेल.

महिन्याभराने क्लास चालवणाऱ्या सरांनी कशासाठी तरी मार्कांची फाइल उघडली आणि चाळिसावी मुलगी यादीतून गळाल्याचं निघालं. तोवर वर्षा लातूर सोडून गावी परतली होती. सरांनी मुजीबला बोलावलं. प्रोग्रामवर त्याचं नाव होतं ना. मी शेजारीच उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. मुजीब माझ्याकडे बघत होता, सर त्याच्याकडे बघत होते आणि मी पंख्याकडे. दुसऱ्या दिवसापासून मुजीबला यायला नको म्हणून सांगितलं. त्याची खुर्ची मला मिळाली.

लाज वाटली का? वाटली. पण पुरेशी नाही...

पंधराएक वर्षं गेली. मी आता नांदेडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. गेल्या वर्षी मुलांना एकच प्रोग्राम तीन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बिल्ड करून दाखवायचा होता. छोटासा हवा होता. 'यादी' अजून नेटवर होती — मुजीबचा अस्सल कोड, 'बरोबर' आपल्या जागी. चाचणीसाठी मी पाच नावांची फाइल केली : आंबा, पेरू, चिकू, सीताफळ, जांभूळ. सकाळचे अकरा वाजलेले, खोलीत वीस मुलं-मुली. लिनक्सवर बिल्ड केला, चालवला.

सहा नावं आली. सहावं वर्षाचं. म्हणजे तिचं खरं नाव — वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, त्या वेळच्या फाइलमध्ये होतं तसंच्या तसं.

फाइल उघडली, तर पाच फळं. कोडमध्ये नाव शोधलं, कुठेच नाही. फ्रीबीएसडी ही दुसरी सिस्टिम असलेल्या मशीनवर कोड नव्याने डाऊनलोड करून बिल्ड केला. सहा. एका विद्यार्थिनीचा मॅक लॅपटॉप मागून घेतला, त्यावर केला. सहा. मग मी 'बरोबर' काढून बिल्ड केला. शेवटचं फळ गळून चार यायला हवी होती... पाच आली. पाचही फळं. म्हणजे प्रोग्रामच्या लेखी ती खरोखर यादीत होती, शेवटची, आणि मी तिला दुसऱ्यांदा काढली होती.

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, ह्या कोण? आणि मी म्हणालो, मूळ प्रोग्रामरची चूक असेल.

इतक्या वर्षांनी, काहीही गरज नसताना, जीभ आपोआप तिकडेच वळली. असलं काही दिसलं की माणसाची बोबडी वळते म्हणतात. माझी कसली वळतेय, मी सफाईने बोललो. त्या सहाव्या नावापेक्षा मला माझीच जास्त भीती वाटली.

मुजीब आता वडिलांचंच दुकान चालवतो, माझ्या क्लासपासून वीस मिनिटांवर. सात वर्षं मी वळसा घालून जायचो. त्या शनिवारी सरळ गेलो. शिलाई मशीनच्या ढिगाऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. त्याने चहा मागवला, माझ्या आईची तब्येत विचारली. मी म्हणालो, तुझ्या प्रोग्राममध्ये काहीतरी गडबड येतेय, आणि फळांची फाइल दिली. त्याने बिल्ड करून चालवला. पाच. मग म्हणाला, तू करून दाखव. मी त्याच मशीनवर बसलो, त्याच फाइलवर त्याच कमांड दिल्या. सहा.

मुजीबने ते नाव वाचलं.

"चाळिसावी," तो म्हणाला.

"ते मी केलं होतं," मी म्हणालो. एवढंच वाक्य, आणि त्याला पंधरा वर्षं लागली.

"हाव, माहितंय. 'बरोबर' तू काढला होतास. सरांनी बोलावलं त्याच दिवशी मी मशीनवर बघितलो." तो तेलाचे हात फडक्याला पुसत होता. "तू बाजूलाच उभा होतास ना यार. तू बोलशील म्हून थांबलो."

गिऱ्हाईक बसलेलं असताना मी दुकानात रडलो. त्याने रडू दिलं. मग सांगितलं, की तो तेव्हाच बस बदलत किल्लारीकडे जाऊन आला होता, वर्षाच्या वडिलांची माफी मागून आला होता. त्यांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वर्षाला डॉक्टर व्हायचं होतं, ती झाली नाही, एवढंही त्यानेच सांगितलं. म्हणजे माझ्या चुकीची माफीसुद्धा मुजीबनेच मागितली होती.

"पर ती मी माझ्या नावानं मागितली," तो म्हणाला. "तुझ्या काय कामाची?" आणि वहीतून वर्षाचा नंबर काढून दिला.

ते नाव कुठून येतं, मला अजून कळलेलं नाही. जाणकारांना विचारलं, कोडची ओळ न् ओळ वाचली. कालही बिल्ड करून बघितला. सहा. तुमच्यापैकी कोणाला यामागचं तांत्रिक कारण सुचलं तर जरूर लिहा, मी आनंदाने मूर्ख ठरेन.

नंबर मिळून चार महिने झाले. अजून लावलेला नाही. आधी इथे नेटवर लिहितोय, कारण इथे मला कोणी ओळखत नाही. वर्षाचं नाव बदललंय, मुजीबचंही बदललंय. माझं बदलायची वेळच आली नाही... मी ते घातलेलंच नाही.