कॅमेऱ्याचं कपाळ

मच्छिंद्रदादा मशीनला टेकून उभे राहायचे आणि थेरगावला माझ्या घरी फोन लावायचे. "पोरी, तुझ्या मोबाईलवर मशीन चालू दिसतीय का बघ." दिसतेय म्हटलं की म्हणायचे, "हितं बी चालूच हाय," आणि फोन ठेवायचे. रविवारीसुद्धा! मी त्यांच्या कारखान्यातली इंजिनिअर. मालकाला घरबसल्या कारखाना दिसावा म्हणून मी एकेका मशीनला सेन्सर बसवले होते. पण मालक घरी बसेल तर ना!

दादा मूळचे मोशीचे. शेती गेल्यावर त्यांनी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप टाकलं. नवीन काहीही आलं की ते आधी त्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "ये बाई, आपलंच घर समज." कॉम्प्युटरलाही तेच. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

त्या वर्षी एका मोठ्या गाडी कंपनीची ऑर्डर मिळण्यासारखी होती. अट एकच, प्रत्येक नग कॅमेऱ्यानं तपासायचा आणि निकाल थेट त्यांच्या स्क्रीनवर दिसला पाहिजे. ऑर्डर हुकली असती तर रात्रपाळी बंद करावी लागणार होती आणि त्या पाळीतली सगळी माणसं घरी बसणार होती. दादांना जेवण गोड लागत नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठरली.

पहिला नग नापास. दुसरा नापास. तिसराही! कंपनीच्या साहेबांचा फोन आला, "अहो मॅडम, इथं सगळंच लाल दिसतंय, काय चाललंय काय?" मी धावत जाऊन कॅमेऱ्याखाली वाकून बघितलं, तर काचेवर कुंकवाचा हा एवढा मळवट, वर चार अक्षता चिकटलेल्या. परवाची खंडेनवमीची पूजा!

"दादा, डोळ्यात कुंकू घालतं का कुणी?" मी किंचाळलेच.

"मग कुठं लावू? तिला कपाळच न्हाई."

साहेबांना मी सेटिंगचं काहीतरी कारण सांगणार होते. तेवढ्यात दादांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "साहेब, मशीनची चूक न्हाई. पूजा केली, कुंकू डोळ्यात गेलं. पुसलंय आता. पुन्यांदा बघा." संपलं, मला वाटलं, गेली ऑर्डर. पलीकडे साहेब हसले की खोकले, कळलं नाही. "चालवा पुन्हा," ते म्हणाले, "पण हे परत होऊ नये म्हणून काय करणार, ते लेखी द्या."

या वेळी नग पास झाले. मी लेखी द्यायला बसले आणि लिहिलं, मशीनची पूजा बंद. दादा मागेच उभे होते.

"पूजा बंद व्हणार न्हाई."

"मग काय लिहू? सांगा ना!"

"तिला कपाळ दे."

तासभर भांडलो. शेवटी मीच हरले. कॅमेऱ्याच्या पेटीच्या ड्रॉइंगमध्ये काचेच्या वर मी एक छोटी पट्टी वाढवली. इंजिनिअर होऊन मी काय डिझाइन केलं, तर कपाळ! कंपनीनं ते मंजूरही केलं आणि ऑर्डर दिली. रात्रपाळी टिकली. माझा ताप मात्र वाढला. दर खंडेनवमीला दादा थाळी घेऊन पुढे आणि मी मागे, "दादा, काचेपासून लांब!" ते म्हणायचे, "आंधळा हाय का मी?" आणि बोट हटकून काचेकडेच जायचं.

यंदा आषाढात दादा झोपेतच गेले. खंडेनवमीला सगळे मशीनभोवती जमले, पण थाळीला कुणी हात लावेना. मला त्यांचा भयंकर राग आला. निदान थाळी कुणाकडे द्यायची ते तरी सांगून जायचं होतं! शेवटी रात्रपाळीच्या माणसांनी ती माझ्याकडे दिली. मी कुंकवात बोट बुडवलं, पट्टीकडे नेलं आणि सवयीनं जोरात ओरडले, "दादा, काचेपासून लांब!"

थाळी माझ्याच हातात होती.