न भाजलेला राब

पेंढ्याची ती उडवी, म्हणजे रचलेली गंजी, जळाल्याचा तपास माझ्या अजून लक्षात आहे. गुन्हा तसा लहान होता. माणूस भाजला नाही, गुरे वाचली. पण तपास चुकला असता, तर एक माणूस पुन्हा तुरुंगात गेला असता.

आता मी पेणला राहतो. तेव्हा रोह्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना संपत आला होता. खांब गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात भरदुपारी उडवी जळाली. मालक हजार भारे म्हणत होता. जळक्या जागेचा घेर मोजून मी पाचशेच्या वर लिहू दिले नाहीत. तेवढ्यात शेजारचा एक शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, “सायेब, मी डोळ्यांनी बघितलंय. जेलवाल्यानं लावली.”

हा ‘जेलवाला’ खुनाची शिक्षा भोगून त्याच हिवाळ्यात गावी आला होता. बांधाच्या भांडणात त्याच्या हातून ज्याचा जीव गेला, त्याचाच भाऊ या उडवीचा मालक. शिक्षेची शेवटची वर्षे त्याने खुल्या कारागृहात सेंद्रिय शेती शिकण्यात काढली होती, प्रमाणपत्रही आणले होते. वागणूक चांगली म्हणून उरलेली शिक्षा अटीवर माफ झाली होती. नवा गुन्हा शाबीत झाला, तर ती भोगायला परत जावे लागणार होते.

त्याला ठाण्यात आणले.

“आग लागली तेव्हा कुठे होतास?”

“शेतावर. पाला खड्ड्यात भरत होतो.”

“कोणी पाहिलं?”

“माझ्याकडं कोण येतो, सायेब?”

ठाण्याचे हवालदार म्हणाले, “एवढी वर्षं आत राहून उत्तरं पाठ झालीत याची.”

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, “पाठवायचं तर पाठवा. फक्त घरी निरोप द्या, खड्ड्यावर पाणी मारत जा म्हणावं. सुकला तर पाला कुजणार नाय.”

मग खबर देणाऱ्याचा जबाब घेतला. जबाब घेताना मी बारीकसारीक फार विचारत असे. खोटे बोलणारा मुख्य गोष्ट जपून सांगतो. आजूबाजूचे तपशील मात्र सवयीने भरतो. हा म्हणाला, “तो राब भाजत व्हता. पेटता पाला काठीनं बांधावर सारला, तिथनं उडवीकडं.”

आमच्याकडे भाताचे रोप जिथे पेरायचे, त्या तुकड्यावर पावसाआधी पाला, शेण, गवत पसरून जाळतात. त्याला राब भाजणे म्हणतात. त्या दिवसांत ज्याला शेत आहे तो राब भाजतोच. त्यामुळे जबाबात खटकण्यासारखे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन मी ‘जेलवाल्या’च्या शेतावर गेलो. शेत बांबूच्या बेटामागे होते. वाटेतल्या प्रत्येक शेतात एक काळा चौकोन दिसत होता. इथे जमीन कोरी होती, चिमूटभर राख नव्हती. कडेला पाल्याने भरलेला ओला खड्डा होता.

“राब कुठे भाजलात?” मी त्याच्या बायकोला विचारले.

“भाजला ना,” ती दुसरीकडे बघत म्हणाली.

पंचांतला म्हातारा म्हणाला, “राख काय कावळ्यानं नेली व्हय? खरं सांग गो.”

“नाय भाजला. ते म्हणतात, पाला जाळायचा नाय, कुजवायचा. जेलात तसंच शिकवलं. गाव हसल म्हणून मी विहिरीवर सगळ्यांना सांगितलं, आमचा राब भाजून झाला. सायेब, हे लिहू नका.”

“लिहिलं नाही तर तो घरी येणार नाही, बाई.”

तिने आता माझ्याकडे बघितले. “मग लिहा. मोठ्या अक्षरात लिहा.”

खबर देणाऱ्याला तिथेच बोलावून घेतले. “दाखव, कुठे भाजत होता.”

तो झपझप बेटाला वळसा घालून गेला आणि थांबला. त्याने पायाने माती उकरून पाहिली. मग मलाच विचारले, “म्हंजे त्यानं भाजलाच नाय?”

पुढचे त्याने स्वतःच सांगितले. आग त्याच्याच राबातून गेली होती. तो पाणी आणायला गेला आणि वारा फिरला. “म्हटलं, याचं नाव घेतलं तर कोण विचारतो हाय?” निष्काळजीपणा आणि खोटी माहिती, दोन्हीबद्दल त्याच्यावर कारवाई झाली.

उडवीच्या मालकाचा पुरवणी जबाब मी स्वतः घेतला. तो म्हणाला, “त्यानं माझा भाऊ मारला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाय. पण उडवी त्यानं जाळली नाय. तसं लिहा.”

शिक्षा भोगून आलेल्याविरुद्धची खबर चटकन पटते, कारण ती आपल्या मनात आधीच तयार असते. म्हणून तीच जास्त तपासावी, हे मी या प्रकरणात शिकलो. खोट्या खबरीने इतरांचे चार दिवस जातात, त्याची वर्षे जातात. माणूस सुधारला का, असे मला लोक विचारतात. कोणी बघत नसताना, बायको लाजत असताना त्याने पाला जाळला नाही, एवढेच मी सांगू शकतो.

त्याला सोडले तेव्हा बायको ठाण्याच्या दारात उभी होती. त्याने आधी विचारले, “खड्ड्यावर पाणी मारलंस का गो?”

“मारलं. काल संध्याकाळी हवालदार सांगून गेले.”

मी त्यांना तसे सांगितले नव्हते. हवालदार मान खाली घालून डायरी लिहीत होते.