चौदाव्या मजल्यावरची टक

ज्या घरातल्या कोणीच सिनेमात काम केलेलं नाही, असं घर हॉलिवूडजवळच्या कल्व्हर सिटीत शोधूनही सापडायचं नाही. काम म्हणजे अर्थात पडद्यावरचंच असतं असं नाही. कोणी विग विंचरलेले, कोणी नकली बर्फ उधळलेला. एका गृहस्थांनी सतरा वर्षं घोड्यांच्या मागे फक्त झाडू मारला, आणि तेही "मी काउबॉयच्या सिनेमांत होतो" असंच सांगतात. खोटं कुठे आहे?

थेल्मा ओस्ट्रँडर मात्र काही सांगत नसे. तिने लायल ब्रॅनिगनचे पाय वाजवले होते.

त्या काळी नाचाचं चित्रीकरण व्हायचं तेव्हा बुटांचा आवाज कोणी घेत नसे. तो मागाहून बंद खोलीत घ्यायचा. पडद्यावर नाच लावायचा आणि नाल ठोकलेले बूट घालून कोणीतरी लाकडी फळीवर हुबेहूब तसंच वाजवायचं. सिनेमाचा नायक लायल तेव्हा दुसऱ्या सिनेमात अडकला होता, म्हणून नृत्यदिग्दर्शकाच्या हाताखालची चोवीस वर्षांची थेल्मा फळीवर उभी राहिली. कोणाचे पाय कोणी वाजवले हे बाहेर बोलायचं नाही, असा धंद्याचा रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच सगळे पाळत.

सिनेमा एका हॉटेलातल्या लिफ्टवाल्याचा. लिफ्ट बंद पडते आणि हा पठ्ठ्या सव्वीस मजले नाचत जिना उतरतो, एवढंच काय ते कथानक. पण लायल! रूपाने बेताचा, कान तर टोपी अडकवायला केल्यासारखे. तो आता पडला, पडलाच, असं वाटेपर्यंत तोल घालवायचा आणि त्या पडण्याचाच नाच करून दाखवायचा. त्याला पाहून घरी निघालेली पोक्त माणसंही फुटपाथवरून उगाचच उडी मारून उतरत आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघत.

थेल्मा अकरा दिवसांत त्याच्या प्रेमात पडली, तेही घोट्याच्या खालच्या भागाच्या. नजर चेहऱ्याकडे गेली की ठेका चुकायचा. प्रत्यक्ष भेट एकदाच झाली, कँटीनमध्ये. तो म्हणाला, "जरा मीठ देता?" तिने मिरपूड दिली. त्याने ती निमूटपणे सूपवर घातली.

शेवटच्या दिवशी चौदाव्या मजल्यावर तो कठड्याला धरून गिरकी घेतो, तिथे तिच्या पायाने एक टक जास्तीची वाजवली. ध्वनिमुद्रकाला जेवायला जायचं होतं. "राहू दे गं, कोणाला कळतंय!" म्हणाला. ती राहिली.

बाकीचे सगळे ठोके लायलचे. ती एक टक तेवढी थेल्माची. सिनेमा कुठेही लागो, ती जायची, चौदाव्या मजल्यापर्यंत श्वास धरून बसायची, ती टक ऐकायची, आणि मग खाली पहिल्या मजल्यापर्यंत त्याच्याबरोबर उतरायची. नऊ वर्षांपूर्वी लायल गेला. अंत्यविधीला तिला आमंत्रण नव्हतं. पायांना कोण बोलावतं?

आणि परवा पेपरात आलं, की सिनेमाची नवी प्रत काढली आहे. चित्र स्वच्छ केलं, आवाजातल्या चुकाही काढल्या.

"कसल्या चुका?" थेल्माने पेपर शेजारच्या डोलोरेसपुढे धरला.

"मला काय विचारतेस? तुझा लिफ्टवाला, तुझी लिफ्ट."

"चल ना बरोबर."

"बेचाळीस वर्षं तोच माणूस तोच जिना उतरतोय! तेवढ्यात माझे दोन नवरे झाले." असं म्हणत डोलोरेसने पर्स उचललीच.

थिएटर भरलं होतं. दिवे मालवले. सव्वीस, पंचवीस, चोवीस... लोक हसत होते. थेल्माची बोटं डोलोरेसच्या मनगटात रुतली.

"अगं, हात आहे तो माझा!"

चौदावा मजला आला. लायलने कठडा धरला, गिरकी घेतली. टक आली नाही. तिच्या जागी स्वच्छ, गुळगुळीत शांतता होती.

पण चित्रही स्वच्छ होतं. जुन्या, काळवंडलेल्या प्रतीत कठड्यामागे नुसता अंधार असायचा. आज तिथे कोटाच्या टोकाखाली लायलची डावी टाच दिसली. एक क्षणभर टेकली आणि उचलली गेली. तो खरंच पडत होता, आणि त्या टाचेने सावरला होता.

थेल्मा थिजली. आवाज घेतला त्या दिवशी प्रत कोरी करकरीत होती. तिच्या डोळ्यांनी ते पाहिलं असणार, फक्त तिला न सांगता परस्पर पायाला कळवलं असणार. म्हणजे ती टकसुद्धा तिची नव्हती. त्याचीच होती.

खेळ संपल्यावर कीथ नावाचा, प्रत दुरुस्त करणारा तरुण दारात अभिनंदन स्वीकारत उभा होता. थेल्मा सरळ त्याच्यापुढे गेली.

"चौदाव्या मजल्यावरचा ठोका काढलात."

"हो मॅडम! तुमच्या लक्षात आलं? चूक होती ती. पाय नाही आणि आवाज आहे."

"पाय आहे. डावी टाच. कठड्यामागे, कोटाखाली. जाऊन बघा."

"मॅडम, आम्ही एकेक फ्रेम..."

"तुम्ही कानांनी ठरवलंत आणि डोळ्यांनी नुसते डाग पुसलेत. परत घाला तो ठोका. त्याचा आहे."

"पण तुम्ही कोण?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ती किती वर्षं झुरली होती!

"थेल्मा ओस्ट्रँडर," ती म्हणाली. "लायलचे पाय मी वाजवले."

"अगं बाई!" डोलोरेस मागून ओरडली. "आणि मला हे आत्ता?"

कीथने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली तिच्या सपाट, मऊ चपलांकडे. "थांबता का जरा?" म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत प्रोजेक्टरच्या खोलीकडे पळाला.

"बस गं खुर्चीवर," डोलोरेस म्हणाली. "वेळ लागेल त्याला."

"नको," थेल्मा म्हणाली. "उभीच राहते."