उलटी बसवलेली चिप

चिप मी उलटी बसवली होती. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते आणि बोर्डावर छापलेल्या खाचेकडेच ती यावी लागते. मी ते न पाहता चोवीसही पाय एकेक करून सोल्डर केले, वीज लावली आणि जळका वास आला. बोट ठेवलं तर चटका बसला. नवी चिप गेलीच, शेजारच्या मोठ्या चिपलाही घेऊन गेली. ती आता कुठं मिळत नाही.

जुने टीव्ही गेम दुरुस्त करायचा मला छंद आहे. जळगाव जामोदला घरीच, खिडकीजवळच्या टेबलावर करतो. हा गेम वरवट बकालच्या मामेभावाचा. लहानपणी सुट्ट्यांत आम्ही दोघं त्यावर खेळायचो. चित्रात आडव्या रेघा येत होत्या, बिघाड तेवढाच होता.

तो न्यायला आला तेव्हा मी म्हणालो, "याले कोणीतरी फवारणीच्या पंपाचा चार्जर लावला होता. पिन सारखीच असते. आतून जळाला."

तो चार्जर त्यांच्या घरात भिंतीला लटकलेलाच असे. म्हणून खोटं चटकन सुचलं आणि खपलंही.

"तुह्या वहिनीनंच लावला असन बे," तो हसला. "पंप तेच लावते चार्जिंगले. घर नाही जाळलं हेच नशीब."

मीही हसलो.

मग त्यांच्या घरी मिक्सर बंद पडला, की "हिनंच हात लावला असन". टीव्हीचा आवाज गेला, तरी तेच. मामी म्हणायची, वहिनींची मुलगीही म्हणायची. सगळी चेष्टाच. मी त्यांच्याकडे जेवायला असलो की मान खाली घालून जेवायचो.

तीन वर्षं अशी गेली. यंदा कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत गेलो, तर वहिनी पंप समोर ठेवून बसल्या होत्या. चार्जर हातातच होता.

"भाऊजी, तेवढा लावून द्या ना."

"तुमीच लावा की."

"नको बापा. तो गेम जाळला ना मी. लई आठवून पाह्यलं, कधी लावला काही आठवत नाही. पण लावला असन मीच."

जे त्यांनी केलंच नव्हतं, ते त्या तीन वर्षं आठवून पाहत होत्या.

त्यांना एकटीला सांगून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. पण खोटं मी त्यांच्या नवऱ्याला सांगितलं होतं. तो आत चहा घेत होता, त्याला हाक मारली. कप घेऊनच तो बाहेर आला. "काय झालं बे?"

मी वहिनींकडे पाहून बोललो. "वहिनी, चार्जर कोणीच लावला नव्हता. चिप मी उलटी लावली अन् गेम जाळला. नाव तुमचं आलं, अन् मी हसत बसलो. चुकलो मी. माफ करा मले."