देवीसमोर कबूल केलेल्या गोळ्या

देवीकडे मी हात जोडायला गेलो नव्हतो, भांडायला गेलो होतो. माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला मी माझं मूत्रपिंड दिलं होतं. वर्षभर बरी राहिली, आणि मग तिच्या लघवीत असले जंतू निघाले की एकही औषध लागू पडेना. पोर मुंबईच्या इस्पितळात तापाने फणफणत होती. पोटातलं काढून दिलं ते काय हे बघायला? बायको तिच्या उशाशी होती. तिने हट्टच धरला, माझ्या माहेरी कापड्याला जा, देवीला कौल लावून विचारा, पोर वाचेल का. मी महाडचा शाळामास्तर, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी गेलो, चरफडत.

फुलाची कळी देवीला चिकटवायची, उजवीकडून पडली तर होकार. म्हातारा गुरव मला ओळखतही नव्हता. कळी हातात घेऊन म्हणाला, "आधी पोटात काय हाय ते देवीला सांगा. लपवून कौल घ्यायचा नाय."

माझं डोकंच फिरलं. "ऐकायचंय? ऐका!" म्हणून मी गाभाऱ्यात ओरडलो. वर्षभरात पोरीला तीनदा ताप आला होता. दर वेळी मुंबईला कोण जातंय म्हणून मी बिरवाडीच्या ओळखीच्या दुकानातून जंतू मारायच्या जालीम गोळ्या आणल्या, ताप उतरला की बंद केल्या आणि उरलेल्या पुढच्या तापाला दिल्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, बाहेरचं काही दिलं नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. मास्तर ना मी!

गुरवाने कळी तबकात परत ठेवली. "हे डाक्टरला सांगितलंत?"

"नाही."

"मंग देवीला काय इचारता? उठा, आधी फोन करा."

पोलादपूरच्या बूथवरून मी एकेका गोळीचं नाव सांगितलं. "अहो, यातलंच एक औषध मी आज संध्याकाळी सुरू करणार होतो! अर्धवट गोळ्यांनी जंतू त्याला सरावलेत, ते आता लागू पडणार नाही!" डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांनी मला सडकून झापलं. त्यांनी हाती उरलेलं शेवटचं इंजेक्शन दिलं. मूत्रपिंड थोडं अधू झालं, पण पोर वाचली.

गुरवाच्या तोंडून देवी बोलली का, मला ठाऊक नाही. त्याने मला उठवलं, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. राग अजून आहे, पण देवीवर नाही.

मुलगी घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला तरी विचारायचंत. गोळ्या मी गिळत होते."

देवीपुढेही न वाकलेला मी, पोरीपुढे मान खाली घालून उभा राहिलो.