नांदगावला जाणारी गाडी

गाडी असलेली आणि गाडी नसलेली अशी दोनच प्रकारची माणसं जगात असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या दाजींना पाहिलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे दहा-बारा वर्षं मोटारगाडी होती, आणि ती सगळी वर्षं ते एसटीने, सायकलने आणि बहुतेक वेळा पायी फिरले. गाडी लढाईच्या आधीची, विलायती, गोल पाठीची. देवळालीच्या एका बंगल्याच्या आवारात चिंचेखाली पडलेली ती त्यांना दिसली आणि त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीत ती आली तीसुद्धा बैलजोडीने ओढून. दाजी स्टिअरिंग धरून ताठ बसलेले, बैलवाला वळून वळून हसतोय, आणि ताई दारात ओवाळायचं तबक घेऊन उभी. "आधी कुणाला ओवाळावं तेच कळेना," ताई पुढे कित्येक वर्षं सांगायची, "शेवटी बैलांना ओवाळलं. चालत तेच आले होते."

दाजी सरकारी कचेरीत धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढत. एक रेघ जरा हलली तर आख्खा कागद बदलायचा, ही त्यांची कचेरीतली शिस्त. तीच त्यांनी गाडीला लावली. गाडी नुसती चालती करणं हे त्यांच्या मते गवंडीकाम होतं. एखादा भाग बिघडला म्हणून उघडला की त्याला चिकटलेला शेजारचा भागही उघडायचा, घासूनपुसून लख्ख करायचा, आणि सगळेच भाग सारखे लख्ख झाल्याशिवाय एकही परत बसवायचा नाही, असा त्यांचा नियम होता. याचा परिणाम असा झाला की गाडी दर वर्षी थोडी थोडी कमी होत गेली. मी नांदगावला शाळामास्तर, सुटीत नाशकाला गेलो की ते मला हाताला धरून गल्लीच्या टोकाच्या जुन्या टांग्याच्या तबेल्यात नेत, जिथे आता घोड्याऐवजी ती उभी असे, आणि सांगत, "येत्या दिवाळीपर्यंत झालीच म्हणून समजा, मास्तर." मी समजत असे. इंजिन त्या वेळी घरी पलंगाखाली असायचं.

सुट्या भागांचं तर त्यांना वेडच होतं. मालेगावला एका लग्नाला म्हणून गेले आणि अक्षता पडायच्या वेळी भंगारवाल्याकडे सापडले. कुठलीही गाडी एका वेळी एकाच स्टिअरिंगने वळते हे जगजाहीर असताना दाजींकडे तीन स्टिअरिंगं होती. मिळतंय तेव्हा घेऊन ठेवावं, एवढंच ते म्हणत. तबेला पावसाळ्यात गळायचा, म्हणून एकेक भाग घरात आला आणि घरात आल्यावर रिकामा कसा बसणार? मागची सीट बाहेरच्या खोलीत भिंतीला लागली, पाहुणे तिच्यावरच बसत. रबरी फुग्याचा भोंगा दाराला टांगला, तो दाबल्याशिवाय दूधवाल्यालाही दार उघडत नसे. चाकांवरच्या गोल चकचकीत टोप्यांत ताई पापडाचं पीठ झाकून ठेवी. आणि चालकाचा छोटा आरसा स्वयंपाकघरात खिळ्याला होता, त्यात बघून ती रोज कुंकू लावी. कटकट मात्र चालूच. "गाडीत बसायची हौस होती मला," ती म्हणायची, "तर गाडीच येऊन घरात बसली."

ही हौस काय होती ते सांगायला हवं. गाडी आणली त्या वर्षी दाजींनी आमच्या वडिलांना शब्द दिला होता की पुढच्या भाऊबीजेला हिला गाडीने नांदगावला आणीन आणि दारात उतरवीन. जावयाचा शब्द. वडिलांनी दुसऱ्याच आठवड्यात गवंडी बोलावून कंपाउंडच्या भिंतीला भलंथोरलं भगदाड पाडून घेतलं. जुनं अरुंद फाटक काढून टाकलं आणि नवं बसवलं नाही, कारण गाडी एकदा आत येऊ दे, मग तिचं माप बघून फाटक करू, असं त्यांचं म्हणणं. सासरा आणि जावई, दोघेही एका मुशीतले. भाऊबीजा येत गेल्या. ताई दर वेळी स्टँडवरून पिशवी सांभाळत पायी यायची, मागून दाजी. आई बाहेर येऊन तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि दोघांच्या पाठीमागे रस्त्याकडे एकदा बघायची, विचारायची मात्र काही नाही. पुढे वडील गेले. फाटक राहिलं ते राहिलंच. गावातल्या शेळ्या खुशाल आत येऊन आईची जास्वंद खायच्या.

दाजी निवृत्त झाले, आणि त्याच सुमाराला तबेल्याच्या मालकाने तिथे इमारत बांधायला काढली. गल्लीतलं घरही सोडायचं ठरलं. नव्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मोटार जिन्याने चढवता येत नाही, हे दाजींनीही मान्य केलं. पेपरात जाहिरात दिली: अपूर्ण मोटारगाडी, सर्व सुट्या भागांसह. गिऱ्हाइकं यायला लागली. ती येत, मागच्या सीटवर बसत, ताईच्या हातचा चहा पीत आणि गाडी कुठे आहे असं विचारत. त्यावर दाजी गाडीचे दोष सांगायला सुरुवात करत. मालक दडवतो ते दोष. दाजी कुणाला दिसले नसते असेही दोष शोधून सांगत, आणि ते असे काही रंगवत की माणूस दुसरा कप न घेताच उठे. तो गेला की दाजींचा चेहरा खुलायचा. ताई कपबशा विसळताना म्हणायची, "चहा विकायचा असता तर एव्हाना बंगला झाला असता."

मग एके दिवशी लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी आला. मी सामान हलवायला मदत म्हणून गेलो होतो, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलं. माणूस चांगला आडव्या बांध्याचा, अंगावर मार्केटची धूळ. दाजी नेहमीप्रमाणे दोष सांगत त्याला तबेल्यात घेऊन गेले. गाडीपाशी आल्यावर त्या माणसाने आधी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, मग दार उघडून आत बसला. दाजी बोलता बोलता थांबले.

"इंजिन सुटं हाय म्हणता, पण समदं हाय ना?" त्याने आतूनच विचारलं.

"सगळं आहे," दाजी म्हणाले. "जास्तच आहे."

"मंग बसवू सावकाश. लिलाव उरकल्यावर मला बी काहीतरी लागतंच की."

दाजींनी पुढे एकही दोष सांगितला नाही. मला म्हणाले, "मास्तर, घरी जाऊन ताईला सांगा. चहा नको, जेवायलाच थांबतील."

व्यवहार जेवताना पानावरच ठरला. ठरलेल्या दिवशी कांद्याचा रिकामा ट्रक आला, पण गल्लीत शिरेना. तेव्हा गाडीला चाकं लावून ती हमरस्त्यापर्यंत ढकलत न्यायची ठरली. घरातून एकेक भाग निघाला. टोप्या ताईने आधीच चिंचेने घासून ठेवल्या होत्या. सीट गाडीत परत बसली. तीन स्टिअरिंगांपैकी एक जागेवर गेलं, दोन पोत्यात. आरशाचं मात्र दाजी बोलेनात. व्यापारीच म्हणाला, वहिनींना राहू द्या तो. तर ताईने स्वतः खिळ्यावरून काढला, पदराने पुसला आणि त्याच्या हातात दिला. "अर्धवट पाठवायची नाही," ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि भाऊबीजेचं जरीकाठी लुगडं नेसून बाहेर आली. दाजींनी मागचं दार उघडून धरलं. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली. हो, पिशवीसुद्धा आणली होती. दाजी पुढे स्टिअरिंगवर बसले. मी, व्यापारी आणि गल्लीतले चौघे मागून हात लावून उभे.

"नांदगाव ना?" दाजींनी मागे न बघता विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "सावकाश घ्या. मला काही घाई नाही."

आम्ही ढकलायला लागलो. व्यापाऱ्यानेच खुणेने सगळ्यांना हळू म्हणून सांगितलं. गल्ली किती लहान आहे ते मला त्या दिवशी कळलं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला दोघं नेहमीसारखीच एसटीने आली. आता मोटार येणार नाही म्हणून मी गवंड्याला बोलावून ठेवलं होतं. भिंत पुढे घेऊन साधं अरुंद फाटक बसवायचं, म्हणजे शेळ्यांचा त्रास तरी संपेल. तो दोरी धरून माप घेत होता. तेवढ्यात ताई आणि दाजी आले. ताई सरळ आत आली. दाजी मात्र भिंतीला अंग घासत, एका कडेकडेने आले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते दर वर्षी असेच यायचे. मधली जागा मोकळी सोडून.

गवंड्याला मी चहा पाजून परत पाठवलं. आता दोघंही थकलीत, येणं होत नाही. शेळ्या अजून येतात, जास्वंद खातात. खाऊ देत.